हंगाम संपेपर्यंत

तेलगावच्या आडत दुकानात धान्याच्या धुळीत दिवस काढणाऱ्या व्यापाऱ्यास नाक चोंदणे हा आजार वाटतच नाही. ‘हंगाम संपला की पाहू,’ असे तो घरच्यांना सांगतो. बहुधा ती सर्दीच असते. परंतु एकाच नाकपुडीतील न हटणारा अडथळा, वारंवार येणारे रक्त, टाळूवरील न भरणारा व्रण किंवा त्वचेवरील गाठी यांमागे क्वचित ‘एनके/टी-पेशी लिम्फोमा’ हा कर्करोग असतो.

त्याच्याशी निगडित एपस्टाईन-बार विषाणू १९६४ साली सापडला. जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो सुप्त असतो. हा कर्करोग अत्यल्पांनाच होतो. म्हणून रुग्णाला दूर लोटण्याचे कारण नाही.

तपासणीच्या तुकड्यात कधी मृत पेशीच येतात व बायोप्सी पुन्हा करावी लागते. तेव्हा घरच्यांनी धीर सोडू नये. रोग नाकापुरता असताना किरणोपचार व अ‍ॅस्पॅराजिनेजयुक्त औषधांनी अनेक जण बरे होतात. पसरल्यावर ते अवघड होते. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

हंगाम पुन्हा येतो. रोगाने घेतलेले महिने परत मिळत नाहीत.