कालची तारीख

घड्याळ बिघडलें म्हणजे घड्याळजीकडे जावें, एवढें शहाणपण कोणाहिजवळ असतें; परंतु तें आपल्याच हातून बिघडलें आहे असें त्याच्या तोंडावर कबूल करावयास निराळेंच धैर्य लागतें. तें मजजवळ नव्हतें. म्हणून, "बरेच दिवस बंद होतें, चालू करावयास गेलों तों तारीख अडकली," असें अर्धेंच सत्य मीं त्याच्यापुढें ठेवलें. बाजाराच्या कोपऱ्यावर, एका जिन्याखालच्या चिंचोळ्या जागेंत बसणारा हा वृद्ध कारागीर. त्यानें डोळ्याला भिंग लावलें, घड्याळाची किल्ली मधल्या टप्प्यापर्यंत ओढली, एकदां हलकेच फिरवून पाहिली, आणि मान वर न करतांच विचारलें, "तारीख रात्रीं फिरवलीत वाटतें?"

मी चमकलों. खरोखरीच त्या वेळीं रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पण या गृहस्थाला तें कळलें कसें? माझा चेहरा पाहून तो हंसला आणि म्हणाला, "तुमची रात्र नव्हे हो, साहेब. घड्याळाची रात्र!"

घड्याळालाहि स्वतःची एक रात्र असते, आणि ती आपल्या रात्रीहून निराळी असूं शकते, ही गोष्ट वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हती.

तें घड्याळ माझ्या वडिलांचें. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं. अण्णा शाळामास्तर होते, आणि त्यांच्या नोकरीचीं बहुतेक वर्षें एच. एम. टी. च्या एका साध्या घड्याळावर गेलीं. या कारखान्याचीं घड्याळें १९६१ पासून बंगळूरास तयार होऊं लागलीं, आणि पुढें कित्येक वर्षें परीक्षेंत पास झालेल्या मुलाला किंवा नव्या जांवयाला द्यावयाची वस्तु म्हणजे तेंच घड्याळ, असें होऊन बसलें होतें. रोज रात्रीं जेवणानंतर त्याला किल्ली देणें हा अण्णांचा नेम असे. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनीं हौसेनें एक जपानी बनावटीचें ऑटोमॅटिक घड्याळ घेतलें. या जातीच्या घड्याळाच्या पोटांत अर्धचंद्राच्या आकाराचा एक जड पत्रा आंसावर सैल बसविलेला असतो. हात हालला कीं तो फिरतो, आणि त्याच्या फिरण्यानें कमान गुंडाळली जाते. मनगटावर असेपर्यंत घड्याळ चालतें. काढून ठेवलें तर सांठलेल्या ताणावर साधारणपणें चाळीस तास चालून थांबतें. रोजची किल्ली सुटल्यामुळें पहिले कांहीं दिवस अण्णांना जेवणानंतर काय करावें तें सुचेना!

पण एक काम या घड्याळानेंहि त्यांच्याकडे ठेवलें होतें. त्याच्या तबकडीवर लहानशी खिडकी होती आणि तींत तारीख दिसे. तारखेच्या कड्यावर एकतीस आकडे, आणि घड्याळाच्या समजुतीप्रमाणें प्रत्येक महिना एकतीस दिवसांचा. आपल्या पंचांगांत तिथीचा क्षय असतो, वृद्धि असते. या बिचाऱ्याला तीस आणि एकतीस यांतला भेदहि कळत नाहीं. त्यामुळें मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबर या पांच महिन्यांच्या पहिल्या दिवशीं त्याची चूक माणसानें सुधारावी लागते. "याला एकतिसापर्यंत मोजतां येतें, पुढचें आपण शिकवायचें," असें अण्णा म्हणत. त्या पांच सकाळीं चहा झाला कीं ते घड्याळ मनगटावरून काढीत, मेजावर धुतलेला रुमाल पसरून त्यावर ठेवीत, आणि आकाशवाणीच्या बातम्यांची वेळ साधून तारीख व कांटे नीट करीत. आदल्या रात्रीं आम्हां भावंडांपैकीं कोणी सुचविलें कीं, "अण्णा, आतांच करून टाका ना," तर ते मान हालवून म्हणत, "रात्रीं नाहीं. सकाळीं." कारण त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंहि नाहीं. रात्रीं नखें काढूं नयेत, रात्रीं केर काढूं नये, तसाच हाहि एक जुन्या माणसाचा निषेध, असें समजून आम्ही मनांतल्या मनांत हंसत असूं.

शेवटच्या आजारांतहि तें घड्याळ त्यांच्या हातांत होतें. सोळा तारखेला पहाटे सहाच्या सुमारास तें मींच त्यांच्या मनगटावरून काढून आईच्या हातीं दिलें.

पुढें सर्व कांहीं रीतीप्रमाणें झालें. चौदाव्या दिवशीं मी कचेरींत हजर होतों. बँकेचीं कामें, निवृत्तिवेतनाचे कागद, कपड्यांची वांटणी ही सारी मीं महिन्याच्या आंत उरकली. "किती धीरानें घेतलेंस!" असें नातेवाईक म्हणाले, आणि तें ऐकून मला बरें वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

सहा महिन्यांनीं घरांत लग्न निघालें. आदल्या रात्रीं आई म्हणाली, "उद्यां त्यांचें घड्याळ घालून जा." कपाटाच्या खणांतून तें मीं काढलें, तेव्हां खिडकींत सतरा तारीख होती आणि कांटे दहा वाजून चाळीस मिनिटांवर थांबलेले होते. झोप आली होती. सकाळीं लौकर उठावयाचें होतें. किल्ली मधल्या टप्प्यावर ओढली कीं ती फिरवून तारीख भराभर बदलतां येते, एवढें मला माहीत होतें. मीं ती फिरविली. पहिल्याच आकड्याला किंचित् विरोध जाणवला. जुनें यंत्र, जड झालें असेल, असें समजून मीं जोर केला. आंत 'कट्' असा अगदीं बारीक आवाज झाला, आणि खिडकींत अर्धा सतरा व अर्धा अठरा असा आकडा अडकून बसला.

घड्याळजीनें दुसऱ्या खेपेस तबकडी काढून तो अपराध मला भिंगांतून दाखविला. तासकांट्याच्या चाकावरून चालणारें एक चाक असतें. तें चोवीस तासांत एकच फेरी करतें. त्याला एक लहानसें नख असतें. तारखेच्या कड्याला आंतून एकतीस दांते. रात्रीं नवाच्या सुमारास हें नख एका दांत्याला जाऊन भिडतें, मध्यरात्रीच्या आसपास त्याला एक घर पुढें ढकलतें, आणि पहाटे तीनपर्यंत, कांहीं घड्याळांत चारपर्यंत, दांत्यांतून बाहेर पडतें. या अवधींत घड्याळ स्वतःच तारीख बदलण्याच्या कामांत गुंतलेलें असतें. त्याच वेळीं आपण बाहेरून किल्लीनें कडें फिरविलें तर दोघांची ओढाताण होते, आणि नख तरी मोडतें किंवा दांता तरी. माझ्या घड्याळाचें नख मोडून कड्यांत अडकलें होतें. "नव्या कांहीं घड्याळांत असा जोर आला तर नख बाजूला सरकतें, मोडत नाहीं," तो म्हणाला, "पण कोणत्या घड्याळांत ती सोय आहे हें तबकडीवर लिहिलेलें नसतें."

"पण तें तर दहा चाळीसवर थांबलें होतें," मीं म्हटलें.

"सकाळचे कीं रात्रीचे?"

मीं सकाळचे धरले होते. कां धरले, याला कांहीं उत्तर नव्हतें. बारा आकड्यांच्या तबकडीवर दिवस आणि रात्र यांचा चेहरा एकच असतो. आपल्याला सोयीचा तो आपण पाहतों.

मग त्यानें थांबलेलें घड्याळ लावण्याची खरी रीत मला सांगितली. ती ज्यांच्या घरीं असें घड्याळ आहे त्यांच्या उपयोगाची आहे, म्हणून येथें देतों. प्रथम घड्याळ मनगटावरून काढावें. हातावर असतांना किल्ली तिरपी ओढली जाते आणि तिच्या बारीक दांडीवर ताण पडतो. किल्ली आट्यांची असेल तर आधीं ती उलटी फिरवून मोकळी करावी, आणि न ओढतां वीसेक वळसे देऊन कमानींत जीव आणावा. कांहीं घड्याळांना हातानें किल्ली देतांच येत नाहीं; तीं थोडा वेळ आडवीं धरून हळूं झुलवावीं. मग किल्ली शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढून कांटे पुढें, नेहमीं पुढेंच, फिरवावे. मध्यरात्रीवरून कांटे मागें नेण्याचा मोह धरूं नये. फिरवतां फिरवतां एका ठिकाणीं तारीख बदलेल. ती घड्याळाची मध्यरात्र. तेथें न थांबतां कांटे सहापर्यंत न्यावे. आतां घड्याळांत सकाळचे सहा वाजले, आणि नख दांत्यांपासून दूर गेलें. यानंतर किल्ली मधल्या टप्प्यावर आणून तारीख लावावी.

"आजची," मी म्हणालों.

"आजची नाहीं. कालची," तो म्हणाला. "आजची तें आपलें आपण आणील."

कालची तारीख लावून किल्ली पुन्हां शेवटपर्यंत ओढावी, आणि कांटे पुढें नेत कालचा उरलेला दिवस, कालची संध्याकाळ आणि मध्यरात्र ओलांडून आजच्या वेळेपर्यंत यावें. वाटेंत तारीख आपोआप बदलते, आणि ती दुपारीं बाराला न बदलतां रात्रीं बाराला बदलेल याची खात्री होते. आपल्या वेळेला दुपार उलटून गेली असेल तर आजची दुपारची बाराहि ओलांडावी. शेवटीं किल्ली आंत दाबावी, आणि आट्यांची असेल तर फिरवून घट्ट बसवावी. नाहींतर त्याच वाटेनें पाणी आंत शिरतें.

या किल्लीचा जाच नाहींसा करण्याचा एक गमतीदार प्रयत्न पूर्वीं होऊन गेलेला आहे. जॉन हारवुड या इंग्रज कारागिरानें आपोआप चालणाऱ्या मनगटी घड्याळाचें स्विस पेटंट १९२४ मध्यें मिळविलें. धूळ आणि ओल किल्लीच्या भोंकांतून शिरतात, म्हणून त्यानें किल्लीच काढून टाकली. कांटे लावावयाचे तर तबकडीभोवतीचें कडें फिरवावयाचें! पण किल्ली कांहीं गेली नाहीं. १९३१ मध्यें रोलेक्सनें पूर्ण वर्तुळांत फिरणारा पत्रा आणला आणि १९४५ मध्यें खिडकींतली आपोआप बदलणारी तारीख. तरी किल्ली आपल्या जागींच राहिली. यंत्राला कितीहि स्वावलंबी केलें तरी माणसानें त्याच्याकडे वर्षांतून दोनचारदां लक्ष द्यावें, एवढी त्याची अपेक्षा उरतेच.

घड्याळजीनें कोठल्याशा निकामी घड्याळांतलें चाक काढून माझें घड्याळ नीट केलें. परत येतांना मी रस्त्यानें तास मोजीत होतों. सोळा तारखेची पहाट, सहाचा सुमार. त्यापुढें चाळीस तास आणि थोडी मिनिटें. सतरा तारखेच्या रात्रीचे दहा चाळीस. म्हणजे अण्णा गेल्यावर तो सबंध दिवस, ती रात्र, आणि दुसरा दिवस तें घड्याळ त्यांच्याच हाताच्या हालचालीवर चालत राहिलें होतें. अठरा तारीख आणण्यासाठीं त्याचें नख दांत्याला टेंकलें होतें; तेवढ्यांत त्याची शक्ति संपली. आणि मीं, ती रात्र संपली कीं नाहीं हें न पाहतां, त्यावरून पुढच्या तारखा ओढूं लागलों होतों.

घरीं आल्यावर आईला मीं सारी हकीकत सांगितली; या वेळीं अर्धी नव्हे. घड्याळ सकाळीं थांबलें असें मीं उगाच समजलों, असें म्हणतांच ती म्हणाली, "रात्रींच थांबलें तें. माझ्या उशाखालीं होतें ना. दोन्ही रात्रीं मी ऐकत होतें. दुसऱ्या रात्रीं तुम्ही सगळे निजल्यावर आवाज बंद झाला. मग खणांत ठेवलें."

सहा महिने ती एकाच घरांत माझ्यासमोर वावरत होती, आणि ती दोन रात्री जागी होती हें मला ठाऊक नव्हतें. मीं विचारलेंच नव्हतें. चौदाव्या दिवसापासून मीं सर्वांना आजची तारीख लावून दिली होती!

त्या संध्याकाळीं मीं मेजावर रुमाल पसरला. आई समोर येऊन बसली. कालची तारीख लावून मी कांटे हळूंहळूं पुढें नेत असतां ती त्या दोन दिवसांतलें कांहींबाहीं सांगत होती. कोण आलें होतें, अण्णा आदल्या रात्रीं काय बोलले, चहा कोणी केला. मधेंच खिडकींतला आकडा सरकला. ती म्हणाली, "झाली वाटतें आजची." मीं म्हटलें, "आजची झाली. पण अजून सकाळच आहे. संध्याकाळ व्हायची आहे." "मग होऊं दे," ती म्हणाली, आणि पुढें सांगूं लागली.

आतां वर्षांतल्या त्या पांच सकाळीं हें काम माझ्याकडे असतें. माझी मुलगी विचारते, मोबाईलमध्यें तारीख दिसत असतां हा खटाटोप कशाला? आदल्या रात्रींच कां उरकत नाहीं? अण्णांप्रमाणें मीहि मान हालवून, "रात्रीं नाहीं, सकाळीं," एवढेंच म्हणतों. मात्र कारण सांगितल्यावांचून मी राहत नाहीं.