परमुलखात कळलेलं आण्णांचं काम

माझे वडील, आण्णा, दौंड-बारामती छोट्या लाइनवर गँगमन होते. हे वाक्य मी चाळिशीपर्यंत कुणासमोर सरळ उच्चारलं नव्हतं. इंदापूरच्या शाळेत कुणी विचारलं, तर मी 'रेल्वेत आहेत' एवढंच सांगायचो. ऐकणाऱ्याला स्टेशनमास्तर वाटले तर वाटू द्यायचे.

इंदापूर गावाला रेल्वे नाही. तालुक्यातलं जवळचं मोठं स्टेशन भिगवण, आणि तेही मोठ्या लाइनवर. आण्णांची लाइन अडीच फुटी. १९१४ साली सुरू झालेली, जेमतेम ४४ किलोमीटरची. बारामतीकडच्या माणसांना तिचं अप्रूप नव्हतं, उलट चेष्टाच होती. गाडीतून उतरावं, शेतातला ऊस मोडावा आणि पुन्हा गाडीत चढावं, असे किस्से सगळेच सांगायचे. मीही ते मित्रांना रंगवून सांगायचो. आण्णा सुट्टीला घरी आले की जेवताना कधी म्हणायचे, काळ्या रानातला रूळ पावसाळ्यात खाली बसतो, उन्हाळ्यात लांबतो, त्याच्याकडं रोज बघावं लागतं. मी ताटातलं संपवून उठायचो.

पुढे डिप्लोमा झाला, पुण्यात नोकरी लागली आणि नव्वदच्या दशकात कंपनीनं मला बर्मिंगहॅमला पाठवलं. रविवार खायला उठायचे. ऑफिसातल्या एका वयस्क ड्राफ्ट्समननं विचारलं, वेल्सला येतोस का, रेल्वेचं काम करायला? पैसे मिळणार नाहीत, जेवण आपापलं. मला वाटलं थट्टा करतोय. रुळावरचं काम सुटण्यासाठी माणसं शिकतात, हे मी घरात पाहिलं होतं. पगार सोडून कुणी ते करायला जाईल, हे डोक्यात बसेना. तरी गेलो, मुख्यतः एकटेपणाला कंटाळून.

ती रेल्वे म्हणजे टॅलिलिन. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टाउइन गावातून डोंगरात जाणारी, सव्वादोन फुटी, म्हणजे आमच्या बारामतीच्या गाडीपेक्षाही अरुंद. डोंगरातल्या खाणीतली पाटीच्या दगडाची कौलं खाली आणण्यासाठी ती १८६५ च्या सुमारास बांधली. पुढे खाण बंद पडली. मालक सर हेडन जोन्स यांनी पदरमोड करून गाडी चालू ठेवली. १९५० साली ते वारले आणि आता रूळ उखडून भंगारात जाणार, असं दिसू लागलं. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या लेखकानं आणि त्याच्या काही मित्रांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली आणि संस्था काढली. १४ मे १९५१ ला त्यांनी पहिली गाडी सोडली. लोकांनी बिनपगारी, स्वेच्छेनं चालवायला घेतलेली ती जगातली पहिली रेल्वे. तेव्हा चालण्याजोगं इंजिन एकच होतं, १८६६ चं 'डॉलगॉख'. रूळ इतके झिजलेले आणि स्लीपर इतके कुजलेले, की गवतानंच रूळ जागेवर धरून ठेवलेत असं म्हणायचे. रोल्टनं हे सगळं १९५३ च्या 'रेल्वे अ‍ॅडव्हेंचर' या पुस्तकात लिहिलंय. आपल्याकडची मुलं टीव्हीवर ज्या थॉमस इंजिनाच्या गोष्टी बघतात, त्या लिहिणारे पाद्री ऑड्री १९५२ साली याच गाडीवर हौशी गार्ड होते.

यातलं काहीही मला त्या पहिल्या दिवशी माहीत नव्हतं. थंडीचे दिवस, गाड्या बंद. रुळाची मोठी कामं तेव्हाच काढतात. आमच्या टोळीत एक निवृत्त शाळामास्तर, एक दाताचा डॉक्टर, एक बसचालक आणि कॉलेजातली दोन पोरं. मला खडीचं घमेलं दिलं. जरा वेळानं टोळीचा मुकादम, म्हणजे तो शाळामास्तर, चिखलात पालथा पडला, गाल रुळाला टेकवला आणि एक डोळा मिटून लांबवर बघू लागला. रूळ कुठं खचलाय ते तो पाहत होता.

मी आण्णांना तसंच पाहिलं होतं. लहानपणी आईबरोबर त्यांचा डबा घेऊन शिरसाईच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा. बाप मातीत पडलेला बघून मला लाज वाटली होती. इथं दाताचा डॉक्टर आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभा होता.

त्यानंतर मी जात राहिलो. मास्तरांनी मला बीटर, म्हणजे खडी ठासायचं हत्यार, धरायला शिकवलं. स्लीपरखाली खडी ठासताना जोर खांद्याचा लावायचा नाही, बीटरचं वजनच कामाला लावायचं. पोकळ स्लीपर ठोकून आवाजावरून ओळखायचा. दोन रुळांच्या जोडाखालचं पॅकिंग सगळ्यात आधी ढिलं होतं, म्हणून तिथं दोनदा जायचं. आपली चूक आपल्या मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसांना भोवते, म्हणून झालेलं काम दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कुणी जागा सोडत नसे. मी इंजिनिअर, पण माझ्या शिक्षणाचा तिथं कुणी आब राखला नाही, आणि ते बरंच झालं.

एकदा एक जोड काही केल्या राहीना. ठासला की आठवड्यात पुन्हा चिखल वर. मी इंदापूरला फोन लावला. आण्णा निवृत्त होऊन घरीच होते. त्यांना आधी पटेचना, की पोरगं विलायतेत खडी टाकतंय. मग म्हणाले, "पाणी कुठं जातंय ते बघ आधी. चर काढलाय का? पाणी मुरतंय तिथं खडी कितीबी घाल, चिखलच खाणार." चर खरंच बुजला होता. तो उपसला आणि जोड टिकला. मास्तरांनी आण्णांचं नाव विचारून घेतलं आणि त्या दिवशीच्या कामाच्या वहीत नोंद करताना ते लिहिलं. रेल्वेत इतकी वर्षं घालवलेल्या आण्णांचं नाव कामाच्या कागदावर मी प्रथम पाहिलं ते तिथं.

मास्तरांचं आणखी एक देणं आहे. मी पुणे जिल्ह्यातला, हे कळल्यावर त्यांनी विचारलं, बार्शी लाइट रेल्वे तुझ्या गावापासून किती लांब? कुर्डुवाडी इंदापूरहून टेंभुर्णीमार्गे तासा-दीड तासावर. आजीबरोबर त्या गाडीनं पंढरपूरला गेलो होतो. पण ती कुणी बांधली, हे मला ठाऊक नव्हतं. ते त्यांनी सांगितलं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ मध्ये ती कुर्डुवाडी ते बार्शी सुरू केली. हलका रूळ, एका आसावर ५ टनांहून जास्त भार नाही, आणि तरीही माल भरपूर वाहायचा, हा त्याचा हिशेब. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली, एकूण ३२५ किलोमीटर. बार्शीचा अनुभव घेऊन इंग्लंडात १९०४ साली लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली अडीच फुटी रेल्वे झाली, तिच्या एका इंजिनाला कॅलथ्रॉपचंच नाव होतं. ती १९३४ मध्ये बंद पडली, आज तिथं पायवाट आहे. माझ्या आजीची गाडी मला वेल्समधल्या माणसानं समजावून सांगितली.

मी परत आलो तोवर आण्णा थकले होते. छोट्या लाइनची ब्रॉडगेज झाली, बार्शी लाइटचीही झाली. लोकांची सोय झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आण्णांचीही नव्हती. पण मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसायला लागलो. हत्यारांची नावं, टोळीतली कामाची वाटणी, रात्रीच्या पावसात कंदील घेऊन केलेली गस्त. ते सांगायचे, मी लिहायचो. मध्येच थांबून म्हणायचे, "हे कशाला लिवतूस, कोण वाचणार?" वही पुरी व्हायच्या आत ते गेले. बरंच राहिलं.

विदर्भात अचलपूरकडची माणसं त्यांच्या छोट्या लाइनवरच्या शकुंतला गाडीसाठी सत्याग्रह करतात, तेव्हा मला त्यांचं मोठेपण कळतं. माझ्याकडून तेवढं झालेलं नाही. माझी विनंती त्याहून लहान आहे. बारामती, दौंड, कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर या भागात ज्यांच्या घरी छोट्या लाइनवरचा गँगमन, फायरमन, पॉइंट्समन अजून हयात असेल, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसावं, त्याचं काम त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. माळ्यावर जुना कंदील किंवा बीटर असेल तर भंगारवाल्याला देऊ नये.