वायरीच्या अलीकडून

विमान उतरतं म्हणजे वेग कमी करतं, असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं. विमानवाहू नौका विक्रांतच्या डेकवर उलटं होतं. चाकं टेकताक्षणी वैमानिक इंजिनाला पूर्ण जोर देई. ‘हुकानं वायर धरली नाही, तर त्याला परत उडायचंय,’ आमचे चीफ सांगत. डेक संपला की पुढे समुद्रच.

१९८४ साली मी अरेस्टर गिअरच्या टोळीत होतो. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी वायरी आमच्या ताब्यात. तार कुठे उसवलीय का, हे डोळ्यांत तेल घालून पाहायचं. अलिझे विमानं उतरताना वायरींपाशी फिरकायची सक्त मनाई. ताणलेली वायर तुटली तर माणूस कापून काढते. हूक अडकला की वायर ओढत विमान थोड्याच अंतरात थांबे. मग हूक सोडवायचा, वायर मागे घ्यायची आणि पुढच्याची वाट पाहायची.

मेसमध्ये जुनी माणसं ताहिलियानी साहेबांचा विषय काढत. बेलफास्टला ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेली विक्रांत अजून मुंबईला आलीही नव्हती. १८ मे रोजी लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानींनी तिच्यावर सी हॉक उतरवलं. त्या डेकवरचं ते पहिलं जेट. त्या दिवशी वायरींवर कोण होतं, ते मात्र कुणी सांगत नसे. आम्ही नेमकं तेच विचारायचो.

१ डिसेंबर १९८४ रोजी ताहिलियानी साहेब नौदलप्रमुख झाले. त्या खुर्चीत वैमानिक पहिल्यांदाच बसत होता. हुकाचा हिसका स्वतः खाल्लेला माणूस दिल्लीत बसलाय, याचं आम्हा डेकवाल्यांना भारी अप्रूप. त्यांच्याच कारकिर्दीत ब्रिटिशांची विमानवाहू नौका हर्मिस विकत घेतली गेली आणि मे १९८७ मध्ये विराट म्हणून दाखल झाली. निवृत्तीनंतर ते सिक्कीमचे राज्यपाल झाले. पुढे ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेतून भ्रष्टाचाराविरुद्ध काम करत राहिले.

२०१९ मध्ये ते गेले, तेव्हा जो तो ‘पहिले’ म्हणून त्यांची आठवण काढत होता. आम्ही वायरवाले पहिल्याचा हिशेब वेगळा मांडतो: त्याच्यामागून किती जण सुखरूप उतरले? डिसेंबर १९७१ च्या युद्धात कॉक्स बाजारवर हल्ला करायला सी हॉक याच डेकवरून झेपावले आणि परतून याच डेकवर टेकले. साहेबांच्या त्या लँडिंगचं मोल मला तिथे दिसतं.