पहिल्या पंधरा

वॉशिंग्टन राज्याच्या नैर्ऋत्य टोकाला, कोलंबिया नदी पॅसिफिकला मिळते तिथून उत्तरेला, लाँग बीचची पुळण सुमारे 45 किलोमीटर पसरली आहे. एका अंगाला विलापा खाडी, दुसऱ्या अंगाला महासागर. इथला दिवस ओहोटी ठरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती जितकी चढते, तितकीच ओहोटी खोल उतरते आणि एरवी पाण्याखाली असणारी वाळू थोडा वेळ उघडी पडते. रेझर क्लॅम, म्हणजे वाळूत पुरून राहणाऱ्या लांबट शिंपल्या, शोधायच्या त्या तेवढ्या वेळात.

वसंतात ही ओहोटी सकाळची. उजाडायच्या आत आरव्हीतल्या चिमुकल्या ओट्यावर चहा झाला आणि आम्ही सगळे गमबूट चढवून निघालो. आई रत्नागिरीची, खाडीत तिसऱ्या काढण्यात तिचं बालपण गेलेलं. पाण्याशी पोचताच तिने वाकून लाटेला हात लावला, तो कपाळाला टेकवला, आणि नातीला बजावलं, ‘‘समुद्राकडे पाठ करायची नाही हं.’’ इथले जुने लोकही हेच सांगतात.

ओल्या वाळूवर नाण्याएवढा खळगा दिसला की खाली क्लॅम आहे असं समजायचं. नसेल दिसत तर फावड्याच्या दांड्याने जमीन ठोकायची. क्लॅम मान आत ओढून घेते आणि खळगा उमटतो. त्यावर क्लॅम काढायची पोकळ नळी टेकवायची, हलवत खाली दाबायची, वरच्या भोकावर अंगठा ठेवून वाळूचा दंडगोल उपसायचा. तोवर ती खाली पळत असते. आपला पाय वाळूत खुपसते, त्याचं टोक फुगवून रुतवते आणि सगळं अंग त्यामागे खेचून घेते. लेकीने खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. हाताला लागलं ते एक चिवट, जिवंत ओढणं. कवच कागदासारखं पातळ, कडा धारदार. वर आली तेव्हा तपकिरी-सोनेरी पापुद्र्यावर सकाळचं ऊन चमकत होतं. आईने ती क्षणभर तळहातावर धरली आणि मगच पिशवीत सोडू दिली.

नियम साधा: माणशी पहिल्या पंधरा. लहान निघो, फुटकी निघो, परत टाकायची नाही. एकदा उपसलेली क्लॅम पुन्हा जगेलच असं नाही. ज्याची त्याने खणायची, ज्याची त्याने वेगळी पिशवी ठेवायची. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही, मोजदाद मात्र तीच. बाजारात वाटा उलटसुलट करून बघणाऱ्या आपल्या हातांना हे जड जातं. इथे निवड नाही. हाती आलं ते आपलं.

आणि समुद्र कधीकधी साफ नकार देतो. सूक्ष्म शैवालातून येणारं डोमॉइक आम्ल क्लॅमच्या अंगात साठतं. ते शिजवून जात नाही. म्हणून आधी तपासणी होते, मगच किनारा खुला होतो. 2015 साली या आम्लापायी इथलं खणणं बंद ठेवावं लागलं होतं. उत्तरेकडच्या मूलनिवासी क्विनॉल्ट लोकांचं तर हे पिढ्यान् पिढ्यांचं अन्न. बंद किनारा त्यांच्या चुलीपर्यंत पोचतो.

दुपारी तळावर सगळे साफसफाईला बसलो. उकळतं पाणी क्षणभर ओतलं की कवच उघडतं. लगेच गार पाण्यात टाकायची, कात्रीने मानेचं टोक छाटायचं, कल्ले आणि काळा कोथळा काढायचा. इथले लोक अंडं आणि बिस्किटांचा चुरा लावून तळतात. आईने हळद, तिखट, आगळ लावून रव्यात घोळवल्या. तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर, बस्स. जास्त ठेवलं की चामट होतात. कधी नव्हे ते लेकीने ताटातलं काहीही टाकलं नाही. आपण ओढून काढलेला जीव तिला आठवत होता.

त्या किनाऱ्याला कधी गेलात तर आधी खणायला परवानगी आहे का ते बघा, ओहोटीच्या तासभर आधी वाळूवर पोचा, आणि पंधरा झाल्या की समोर कितीही खळगे दिसोत, फावडं खांद्यावर टाका.