तो, ती की ते?



गाय ती, बैल तो, वासरू ते. शेळी ती, बोकड तो, करडू ते. आपल्या मराठीत गोठ्यासाठी हे तीन शब्द तयारच आहेत. व्याकरण तेवढेच सांगते. कोणाला कधी काय म्हणायचे, हे मात्र आपले मन ठरवते.

दारातले कुत्रेच पाहा. परके असते तोवर ‘ते कुत्रं’. चार दिवस भाकरी घातली, मोत्या म्हणून हाक मारली, की त्याचा ‘तो’ होतो. म्हातारा बैल दावणीला असेतो ‘तो आमचा सर्जा’. बाजाराला न्यायचे ठरले, की ‘ते जनावर’. शब्द बदलला की दावे सोडणे जरा सोपे जाते.

नोकरीच्या निमित्ताने मी तीस वर्षे गोठे हिंडलो आहे. म्हैस व्यालेली असली, की घरची माउली हसून सांगते, “पारडी झाली साहेब, ती बघा कशी उड्या मारतेय!” नर झाला असेल तर म्हणते, “रेडकू आहे. ते पडलंय तिकडं.” नर असून त्याला ‘तो’ कोणी म्हणत नाही. मग त्याच्या वाट्याला चीकही उरलासुरलाच येतो.

गायींतही आता तीच तऱ्हा आहे. ट्रॅक्टर आले, बैलांचे काम घटले. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशात गोवंशातील माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर ३० टक्क्यांनी घटले. नर नकोच असेल, तर लिंगनिश्चित रेतमात्रा वापरा. तिच्यामुळे शंभरात नव्वदच्या आसपास माद्या जन्मतात. पण जो जन्मला, त्याचा भार आपल्यावर आहे.

वासराला आईच्या पोटात रोगाशी लढण्याची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच येते. म्हणून जन्मल्यापासून तासा-दोन तासांत चीक पाजा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे पंचवीस किलोच्या वासराला अडीच लिटर, तीन-चार वेळा विभागून द्या. नर असो वा मादी, माप एकच.

‘ते’ हा शब्द वाईट नव्हे. आपले लेकरूही ‘ते’च असते. रेडकालाही ‘ते’ म्हणा, पण लेकराला म्हणता त्याच मायेने म्हणा.