साष्टी बेटांतील खरेदी

बेट म्हटलें कीं कल्याणच्या मंडळींस सिंहलद्वीप नाहींतर अंदमान आठवतें. कळव्यापुढें खाडी ओलांडून आपली गाडी रोज एका बेटांतच शिरते, हें कितीकांच्या ध्यानीं येतें? तें बेट म्हणजे साष्टी; षट्षष्टि, अर्थात् सहासष्ट गांवें, यांवरून हें नांव पडलें असें सांगतात. १८५४ सालीं आगगाडी ठाण्याहून कल्याणास आली, आणि नावेची गरज सरल्यावर बेटपणहि विसरलें गेलें.

प्रवासाची कांहीं खूण घरीं न्यावी असें सर्वांसच वाटतें. साष्टीची खूण न्यावयाची तर आम्ही वारली चित्र सुचवूं. कारण वारली हे या बेटाचेहि रहिवासी असून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत त्यांचे पाडे आहेत. ही कला मूळची विकाऊ नव्हे. लग्नघरीं सारवून गेरू दिलेल्या कुडावर सवाशिणी तांदळाच्या पिठीनें चौक लिहितात व त्यांत पालघट देवी मांडतात. डहाणूकडील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं ती कागदावर आणून जगापुढें ठेविली. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

आतां तीच चित्रें पिशव्यांवर, साड्यांवर आणि चहाच्या पेल्यांवर यंत्रानें छापून मिळतात. ठाण्यास एका दुकानदारास आम्हीं विचारलें, “हें कोणीं काढलें?” तो म्हणाला, “आजोबा, दीडशें रुपये!” अशा वेळीं चित्रांतील दोन नाचणारीं माणसें शेजारीं ताडून पाहावीं. हातानें काढलेलीं कधीं तंतोतंत सारखीं नसतात.

याच उद्यानांत कान्हेरीचीं लेणीं आहेत. कल्याण बंदर भरभराटींत असतां तेथील लोक या बेटावर येत. पण ते नुसती खूण घेऊन परतत नसत, ठेवूनहि जात. सामिदत नांवाच्या सोनारानें पाण्याचें टाकें दिलें, नद नांवाच्या लोहारानें वाट करून दिली, असें तेथील प्राकृत लेख सांगतात. कोणा राजाचीं नव्हेत, आपल्या गांवच्या कारागिरांचीं हीं नांवें! दीड हजारांहून अधिक वर्षें तीं दगडांत टिकलीं आहेत.

मग ज्या बाईनें चार दिवस खपून चित्र काढलें, तिचें नांव आपण विचारूं नये काय? घासाघीस थोडी कमी करावी, नांव अवश्य विचारावें, आणि चित्र भिंतीवर लावण्यापूर्वीं तें नांव, गांव व साल पाठीमागें शाईनें लिहून ठेवावें.