तुंबलेल्या तेलाचं निदान

महामार्गानं मुंबईहून गोव्याला जाणारी गाडी हातखंब्याच्या तिठ्यावरून जाते आणि रत्नागिरीचा रस्ताही इथंच फुटतो. या टापूत छातीचा पेशंट तपासताना विडी, चिरेखाणीची धूळ आणि चुलीचा धूर एवढं विचारलं की पूर्वी भागायचं. आता विशीतल्या मुलाला मी आणखी एक विचारतो: व्हेप पेन ओढतोस का, आणि आत नुसतं निकोटीन की माल?

सवयीबद्दल मुलं तोंड उघडत नाहीत. पण पेनातल्या कार्ट्रिजचा विषय निघाला की भरभरून बोलतात. ती तुंबते, गळते, जळकट चव येते, बॅटरीचा दिवा नुसताच लुकलुकतो. मी हे सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतो, कारण छातीत काय चाललंय याचा माग त्यातूनच लागतो.

ही कार्ट्रिज म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी नळी. आत गांजाचा अर्धा किंवा एक ग्रॅम अर्क, तळाशी तापणारी तार बसवलेला सिरॅमिकचा तुकडा, बुडाला बॅटरीवर फिरवून बसवायचे आटे. अर्क काकवीसारखा दाट असतो, तापला की पातळ होतो. ओढताना वाफ मधल्या बारीक नळीतून वर येते, तिथं निवते, थिजते आणि वाट बुजते. मग मुलं आणखी जोर लावून ओढतात आणि तेलाचा थेंबच घशात उतरतो. माझा मुद्दा एवढाच आहे की निवल्यावर नळीच्या भिंतीला जे चिकटतं, तेच श्वासाबरोबर वायुकोशांपर्यंतही पोचतं. नळी फेकून नवी आणता येते. वायुकोशांचं तसं नाही.

तेल दाट म्हणजे माल अस्सल, हा समज फार घातक ठरला आहे. नळी उलटी करून आतला बुडबुडा किती सावकाश चढतो ते पाहायचं, अशी ही पारख. अमेरिकेतल्या चोरट्या विक्रेत्यांनी नेमकी तीच हेरली. अर्कात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलं की माल वाढतो आणि दाटपणाही टिकतो. हा पदार्थ गोळीतून पोटात गेला किंवा मलमातून कातडीला लागला तर सहसा काही होत नाही. फुप्फुसात गेला तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या उन्हाळ्यात विस्कॉन्सिन आणि इलिनॉयमध्ये धडधाकट तरुण मुलं धाप लागून दाखल होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णांची संख्या २,८०७ वर गेली होती आणि त्यांतले ६८ दगावले होते. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांत सलाइन सोडून ते परत काढून तपासलं, तेव्हा ४८ जणांच्या नमुन्यांत हे ॲसिटेट सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी माणसांपैकी एकाच्याही नमुन्यात ते नव्हतं.

या आजाराला एव्हाली म्हणतात. आपल्याकडे तो ओळखणं अवघड आहे, त्याचं कारण आपला पावसाळा. ताप, खोकला, धाप, जोडीला उलट्या-जुलाब असा तरुण कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आला, तर डॉक्टरांच्या मनात आधी लेप्टोस्पायरोसिस येतो, मग न्यूमोनिया. यायलाही हवा. पण सीटी स्कॅनवर दोन्ही फुप्फुसांत दुधी काचेसारखे पट्टे दिसताहेत, जंतूंच्या तपासण्या कोऱ्या येताहेत, अँटिबायोटिकला दाद नाही, अशा वेळी पेनचा प्रश्न विचारलेलाच नसेल तर मोलाचे दिवस वाया जातात. पेन बंद करून वेळेवर स्टेरॉइड दिलं तर यांतले पुष्कळजण सुधारतात.

कार्ट्रिजच्या बाकीच्या तक्रारी थोडक्यात. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली कार्ट्रिज गळते, कारण उष्णतेनं तेल पातळ होतं. जळकट चव म्हणजे तारेपाशी तेल पोचत नाही आणि ती कोरडी तापते आहे. अर्कातली सुगंधी टरपीनं अति तापली की त्यांतून बेन्झीनसारखी विषारी द्रव्यं सुटतात. लुकलुकणारा दिवा बहुधा सैल जोडणीचा किंवा उतरलेल्या बॅटरीचा असतो. तुंबलेली नळी लायटरनं शेकणं किंवा टाचणीनं टोकरणं मला सगळ्यात भयंकर वाटतं. धातूचे, सिरॅमिकचे कण सुटले तर ते थेट छातीत जाणार.

आपल्याकडे यातलं काहीच प्रयोगशाळेतून तपासून येत नाही. ई-सिगारेटच्या विक्री-साठ्यावर २०१९ पासून बंदी आहे आणि १९८५ चा अमली पदार्थ कायदा गांजाच्या तेलाला चरस धरतो. या धाकानं मुलं डॉक्टरपाशीही गप्प बसतात. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या काळात हेच झालं होतं. तेव्हा १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं आणि व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहायला महाराष्ट्र शिकला. त्याच अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल आणि ते पुरे करणार असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

घरच्यांना माझं सांगणं असं. मुलाला ताप आणि धाप आहे, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवतोय, तर रागावणं नंतर करा. आधी रुग्णालय गाठा. वाटेत त्याला शांतपणे विचारा, शेवटचं कधी ओढलंस आणि काय ओढलंस. डॉक्टर दिसताच ते उत्तर पहिल्याच वाक्यात सांगा.